शेवटच्या दिवसांतली सिस्टर

(मंडळाच्या हॉस्पिस मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला जेवणाच्या आधीची वेळ दिली आहे आणि विषय दिलाय मरणाचा! आपल्या घरात असं काही कोणी बोलायला लागलं की मोठी माणसं लगेच म्हणायची, "शुभ बोल रे नाऱ्या." तेव्हा आधीच माफी मागते. पण आजचा निधी हॉस्पिससाठी आहे, आणि तिथे माणसाच्या उशाशी रात्रंदिवस कोण असतं, तर नर्स. ती नर्स मरणाऱ्या माणसाकडे कशी बघते, तिला काय वाटतं, ती कशाला घाबरते, हे तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं. कारण तुमचे पैसे शेवटी तिच्याच हातून पेशंटपर्यंत पोचणार आहेत.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी नर्सिंग मुंबईत शिकले आणि २००२ साली इकडे एनएचएसमध्ये आले. त्या काळात भारतातून आणि फिलिपीन्समधून पुष्कळ नर्सेस इंग्लंडला आल्या, त्यांतलीच मी एक. आधी मेडिकल वॉर्ड, मग शेवटची बारा वर्षं हॉस्पिस. गेल्या वर्षी रिटायर झाले. पेशंटांच्या ज्या गोष्टी सांगेन त्यांत ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

हॉस्पिसमध्ये काम करते म्हटलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. पहिली, "तुम्हाला सवय झाली असेल, मन घट्ट झालं असेल." दुसरी, "तुम्ही म्हणजे अगदी देवमाणसं हो!" दोन्ही गोष्टी प्रेमानं बोलल्या जातात, पण दोन्ही खऱ्या नाहीत. मन घट्ट झालेली नर्स या कामाला उपयोगाची नाही. आणि देवमाणूस म्हणून कोणी जन्माला येत नाही. मरणाऱ्या माणसाजवळ थांबता येणं हे शिकावं लागतं, कोणीतरी शिकवावं लागतं आणि त्यासाठी तिला वेळ मिळावा लागतो. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचं त्याचंच स्पष्टीकरण समजा.

आधी एक जुनी गोष्ट. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमध्ये इझाबेल मेन्झीस नावाच्या एक मनोविश्लेषक बाई होत्या. लंडनच्या एका मोठ्या शिकाऊ हॉस्पिटलमधल्या नर्सिंगचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९६० साली प्रसिद्ध झाला. तिथे जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या. मेन्झीस बाईंच्या लक्षात आलं की सगळं काम अशा रीतीनं बेतलेलं आहे की कोणत्याही नर्सचा कोणत्याही एका पेशंटशी फार संबंध येऊ नये. एकीनं सगळ्यांचं टेंपरेचर घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांचे बेडपॅन. पेशंटला नाव नाही, बेडचा नंबर नाहीतर बिघडलेला अवयव: दहा नंबरचं लिव्हर, पंधरा नंबरचा न्यूमोनिया. आपल्यापैकी जे इथल्या किंवा मुंबईच्या हॉस्पिटलांत काम करतात ते हसताहेत, कारण ही भाषा अजून कानावर पडते. मेन्झीस बाईंचं म्हणणं असं की हा निष्ठुरपणा नव्हे. दुःख आणि मरण रोज इतक्या जवळून पाहायचं तर त्याची भीती वाटणारच, आणि त्या भीतीपासून बचाव म्हणून साऱ्या संस्थेनंच ही पद्धत स्वीकारलेली असते. गंमत अशी की त्यानं भीती कमी होत नाही. उलट ज्या समाधानासाठी मुलगी नर्स झाली तेच तिला मिळत नाही आणि ती निघून जाते.

त्याच सुमारास अमेरिकेत लॉरेन्स लेशान नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. पेशंटनं बेल दाबल्यापासून नर्स येईपर्यंत किती वेळ लागतो, ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. ज्यांच्या बऱ्या होण्याची आशा उरलेली नाही अशा पेशंटांकडे जायला नर्सेसना जास्त वेळ लागत होता. ते आकडे दाखवल्यावर खुद्द त्या नर्सेसना धक्का बसला. आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणजे "मला मरणाऱ्या पेशंटबद्दल काय वाटतं" हे कधीकधी नर्सला स्वतःलाच माहीत नसतं. तोंडानं ती एक सांगते, पाय दुसरीकडे वळतात.

का वळतात? आतून काय चाललेलं असतं, ते माझ्या आणि माझ्या मैत्रिणींच्या अनुभवातून सांगते.

पहिलं म्हणजे, आम्हाला शिकवलेलं असतं ते जगवायला. माझ्या ट्रेनिंगमध्ये मरणावर जो धडा होता तो मृत्यू झाल्यानंतरचा होता: डोळे मिटवायचे, हातपाय सरळ करायचे, अंग पुसायचं, लेबल बांधायचं, चादर गुंडाळायची. त्याच्या आदल्या आठ दिवसांत त्या माणसाशी काय बोलायचं, याचं एक पानही नव्हतं. ही काही फक्त आपल्याकडची उणीव नव्हती. जीन क्विंट या अमेरिकन नर्सबाईंनी १९६७ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि तिथल्या नर्सिंग शाळांतही हेच चाललं आहे असं दाखवून दिलं. मग पेशंट जातो तेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला वाटतं की आपण कुठेतरी कमी पडलो.

दुसरी भीती प्रश्नाची. रात्री दोन वाजता पेशंट हात धरतो आणि विचारतो, "सिस्टर, मी यातून वाचणार नाही ना?" त्या एका प्रश्नासाठी नर्सेस खोली टाळतात. "डॉक्टर सकाळी येतील, त्यांना विचारा," असं म्हणून उशी नीट करतात आणि बाहेर पडतात.

तिसरी भीती मॉर्फिनची. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ती फक्त नातेवाईकांना नसते, नर्सलाही असते. माणूस अगदी शेवटाला आलेला आहे, त्याला दुखतंय, चार्टवर औषध लिहिलेलं आहे. आपण इंजेक्शन देतो आणि अर्ध्या तासानं तो जातो. त्या नर्सच्या मनात कायम राहतं, "माझ्या हातून गेला का?" तिला कोणीतरी जवळ बसवून समजावून सांगावं लागतं की योग्य प्रमाणात, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, तो आजारानंच गेला, तुझ्यामुळे तो दुखण्याशिवाय गेला. असं सांगणारं कोणी नसलं, तर पुढच्या वेळी तिचा हात आखडतो. आणि त्याची किंमत पुढचा पेशंट मोजतो.

आणि चौथी गोष्ट भीतीची नाही, हिशेबाची आहे. एका नर्सकडे वॉर्डातले भरपूर पेशंट, त्यांतला एक मरणासन्न. ज्यांना औषध, सलाईन, ऑक्सिजन हवा ते हाका मारत असतात. मरणारा माणूस बहुधा हाक मारत नाही. तो गेला की दोन-तीन तासांत त्याच बेडवर नवा पेशंट. रडायला तर नाहीच, पण चहा प्यायलाही उसंत नसते.

या सगळ्याला उत्तर शोधलं ते एका नर्सनंच. सिसिली साँडर्स यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनच्या सेंट थॉमसेस हॉस्पिटलच्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंग शिकल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलं, तेव्हा त्या हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या. तिथे डेव्हिड टाझ्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू पेशंट त्यांना भेटला. कॅन्सर झालेला, जवळचं कोणी नाही. दोघं तासन्‌तास बोलत बसत, की अशा माणसांसाठी कशी जागा असायला हवी. १९४८ साली तो वारला आणि जाताना त्या होऊ घातलेल्या जागेच्या एका खिडकीसाठी पाचशे पौंड ठेवून गेला. म्हणजे बघा, हॉस्पिसला पहिली देणगी दिली ती एका मरणाऱ्या निर्वासितानं! पुढे साँडर्स बाई मेडिकलला गेल्या, जवळजवळ चाळिशीला आल्यावर डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं. २००५ मध्ये त्यांचा मृत्यूही तिथेच झाला.

त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, दुखणं उसळेपर्यंत थांबून मग इंजेक्शन द्यायचं नाही. घड्याळाप्रमाणे नेमानं औषध द्यायचं, म्हणजे पेशंटला दर वेळी भीक मागावी लागत नाही. दुसरी, दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मन दुखतं, घरच्यांची काळजी दुखते, "माझ्याच वाट्याला हे का?" हा प्रश्न दुखतो. हे सगळं मिळून एकच दुखणं असतं आणि त्याच्या प्रत्येक भागाकडे बघणारं कोणीतरी हवं. हे एकदा नर्सला पटलं की "आता करण्यासारखं काही उरलं नाही" हे वाक्य ती बोलूच शकत नाही. तोंड कोरडं पडलंय, ओलं करायचं आहे. कूस बदलायची आहे. श्वासाची घरघर ऐकून घाबरलेल्या बायकोला सांगायचं आहे की यानं त्यांना बहुतेक त्रास होत नाहीये. सिरिंज ड्रायव्हर बघायचा आहे. करण्यासारखं इतकं असतं की शिफ्ट पुरत नाही.

आता तुम्हाला थोडं कामाला लावते. १९९१ साली कॅथरीन फ्रॉमेल्ट या अमेरिकन नर्सनं तीस वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. मरणाऱ्या पेशंटची सेवा करण्याबद्दल नर्सचा कल कसा आहे, हे त्यावरून मोजतात. प्रत्येक वाक्याला "पूर्ण सहमत"पासून "पूर्ण असहमत"पर्यंत पाच उत्तरं. जगभर ही यादी वापरली जाते, भारतातही. त्यातल्या काही वाक्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगते. हात वर करायची गरज नाही, मनातल्या मनात उत्तर द्या.

पेशंटनं "मी मरणार का?" असं विचारलं, तर विषय बदलून काहीतरी आनंदाचं बोलावं. पटतं?

मरणाऱ्या माणसाशी मरणाबद्दल बोलायला मला अवघड वाटेल. पटतं?

शेवटाला आलेल्या माणसाला दुखण्याच्या औषधाची सवय लागेल याची काळजी करू नये. पटतं?

माणूस जायला टेकला, की घरच्यांनी त्याच्या अंगाखालच्या सेवेत हात लावावा. पटतं?

पहिल्या वाक्याला आपल्यापैकी बहुतेकांनी मनात "हो" म्हटलं असणार. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा मीही "हो"च म्हटलं असतं. फ्रॉमेल्ट बाईंनी याच यादीनं तपासून पाहिलं, की मृत्यूविषयीचं शिक्षण दिल्यावर नर्सेसची उत्तरं बदलतात का. आणि ती बदलली. नंतर निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतही साधारण हेच दिसत आलं आहे: ज्यांना या कामाचं शिक्षण मिळालं, ज्यांनी अनुभवी माणसांबरोबर राहून हे काम केलं, त्यांचा कल बदलतो. स्वभाव महत्त्वाचा आहेच. पण देणगी देऊन आपण कोणाचा स्वभाव विकत घेऊ शकत नाही. शिक्षण आणि वेळ मात्र देऊ शकतो.

शिक्षणाशिवाय नुसता फॉर्म दिला तर काय होतं, हेही याच देशानं पाहिलं आहे. हॉस्पिसची पद्धत साध्या हॉस्पिटलांत नेण्यासाठी लिव्हरपूलमध्ये "लिव्हरपूल केअर पाथवे" तयार झाला. हेतू उत्तम होता. पुढे तो देशभर गेला, आणि काही ठिकाणी खुणा करायचा कागद होऊन बसला. घरच्यांना सांगितलंच नाही, प्यायला पाणी मागितलं तर मिळालं नाही, अशा तक्रारी आल्या. बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीनं २०१३ च्या जुलैमध्ये अहवाल दिला: जिथे शिकलेल्या माणसांनी तो नीट वापरला तिथे पेशंट शांतपणे गेले, जिथे नुसत्या खुणा केल्या तिथे हाल झाले. २०१४ मध्ये तो पाथवे बंद झाला आणि त्याच्या जागी पाच तत्त्वं आली: मृत्यू जवळ आला आहे हे ओळखा, स्पष्ट बोला, पेशंटला आणि घरच्यांना निर्णयात घ्या, घरच्यांना आधार द्या, आणि त्या एका माणसापुरती योजना आखून ती पाळा. या पाचांतली एकही गोष्ट कागद करत नाही. माणूस करतो.

आता जरा आपल्याबद्दल बोलू या.

आपल्या माणसांना हॉस्पिसमध्ये आणतात तेव्हा नर्सला दारातच गाठून एक वाक्य सांगितलं जातं, "सिस्टर, त्यांना काही सांगू नका हं, खचून जातील." त्यामागे प्रेम असतं, यात मला शंका नाही. पण त्याचं पुढे काय होतं? ग्लेझर आणि स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या हॉस्पिटलांत राहून १९६५ साली हे लिहून ठेवलं. पेशंटला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, नर्सला माहीत असतं, आणि तिघंही एकमेकांसमोर नाटक करतात. ते मला वाचावं लागलं नाही, मी दर महिन्याला बघत होते.

एक आजोबा होते. इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, मुलं-सुना इथेच. मुलांनी मला बजावून सांगितलेलं, की बाबांना वाटतंय इन्फेक्शन आहे, तसंच राहू द्या. त्याच रात्री आजोबांनी मला मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?" गावांच्या गप्पा झाल्या, आणि मग हळूच म्हणाले, "मुलांना बोलू नका, पण मला कळलेलं आहे. त्यांना वाटतंय मला माहीत नाही. त्यांचं मन मोडायला नको." मी खुर्ची ओढली आणि बसले. हे आम्हाला शिकवतात: असं बोलणं निघालं की उभं राहायचं नाही. उभी असलेली नर्स निघायच्या बेतात दिसते. मी विचारलं, "तुम्हाला काय कळलंय, ते मला सांगाल?" त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना औषधाचं काही विचारायचं नव्हतंच. साताऱ्याला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याशी जमिनीवरून बारा वर्षं बोलणं नव्हतं. तिला फोन करायचा होता. पण फोन करायचा म्हणजे मुलांना सांगावं लागणार, आणि मुलांना सांगायचं म्हणजे नाटक संपणार!

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच परवानगीनं मी मोठ्या मुलाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाबांना तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही फक्त बसा आणि ऐका." पुढचं मी सांगत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. फोन मात्र झाला. माझ्या मते त्या आठवड्यात आम्ही त्यांना दिलेलं सगळ्यात गुणकारी औषध तेच.

"मी मरणार का?" या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असं उत्तर देत नाहीत. "आज असं का विचारावंसं वाटलं?" असं विचारायचं आणि मग गप्प राहायचं. सगळ्यांत अवघड काय, तर ते गप्प राहणं. ते आम्ही सरावानं शिकतो, एकमेकींना पेशंट करून.

आपल्या रीतीही नर्सला सांगाव्या लागतात. इथली गोरी नर्स बिचारी गोंधळते. गंगाजल तोंडात घालताना बघून तिला वाटतं, आता ठसका लागेल. कोणी समजावून सांगितलं की चमचाभर नको, ओठांवर दोन थेंब आणि तुळशीचं पान पुरतं, तर ती स्वतः डोकं वर उचलून धरते. जानवं काढू नका, अंग धुण्याआधी घरच्यांना विचारा, शेवटी जमिनीवर घ्यायची इच्छा असेल तर गादी खाली घालता येते, हे तिला माहीत असलं की ती करते. आणि त्यांच्याही रीती आहेत. माणूस गेला की पुष्कळ इंग्लिश नर्सेस खिडकी थोडी उघडतात. अंग पुसताना त्याच्याशी बोलतात, "आता कूस बदलते हं, जॉन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नवल वाटलं. नंतर मीही बोलायला लागले, मराठीत.

आपल्याकडे म्हणतात, शेवटी तोंडात पाणी घालायला आपलं माणूस हवं. परदेशात आलेल्या आपल्या पिढीला ही चिंता आहे, उघड बोलत नसलो तरी. मुलं दुसऱ्या शहरात, नाहीतर दुसऱ्या खंडात. २०२० मध्ये कोविडच्या लाटेत तर रस्त्यापलीकडचा मुलगासुद्धा आत येऊ शकत नव्हता. नर्सनं हातमोजे घातलेल्या हातात टॅब्लेट धरून निरोप घडवून आणले. त्या काळात पाणी तिनंच घातलं. पुढेही आपल्यापैकी कित्येकांना ते तीच घालणार आहे. तेव्हा तिला हे नीट यायला हवं, यात आपला स्वार्थही आहे.

इकडचं सगळं चांगलं आणि तिकडचं वाईट, असं म्हणायचा माझा हेतू नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असेल. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात ती गेली, तोपर्यंत ती त्याच हॉस्पिटलात होती. स्वतः नर्स होती ती. जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून तिला बेडसोर होऊ दिले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर अंथरुणावरचा माणूस सांभाळलाय त्यांनाच कळेल हे केवढं काम आहे. २०११ साली तिच्या दयामरणाच्या अर्जाची सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा या नर्सेसनी त्याला विरोध केला, आणि तिच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या माणसांचा आहे असं कोर्टानं मानलं. दयामरणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, आणि अरुणा मरणासन्नही नव्हती. पण ती सेवा एका कोणाच्या दयाळूपणानं झालेली नाही. ज्या नर्सेसनी तिला कामावर पाहिलं होतं त्या रिटायर झाल्या, आणि जिनं तिला फक्त अंथरुणातच पाहिलं त्या नव्या मुलीनंही तेच केलं. जुनीनं नवीला हाताला धरून शिकवलं. शिकवणं म्हणतात ते हेच.

भारतात अडचण मायेची नव्हती, साधनांची होती. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता, की अफू पिकवणाऱ्या देशातच हॉस्पिटलांना मॉर्फिन मिळेना. कॅन्सरचा पेशंट कळवळतोय आणि नर्सच्या हातात साध्या गोळीपलीकडे काही नाही. अशा वेळी नर्स खोलीत जायला टाळते, ती दुष्ट म्हणून नव्हे, रिकाम्या हातानं जाववत नाही म्हणून. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. त्याआधीच काही माणसांनी सुरुवात केली होती: वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन, भारतातलं पहिलं हॉस्पिस, पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचं केंद्र. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक आणि नर्सेस घरोघर जायला लागल्या, आणि २००८ मध्ये त्या राज्यानं स्वतःचं धोरण केलं. महाराष्ट्रातल्या लहान गावांत मात्र अजून खूप व्हायचं आहे.

आता पैशाचं बोलते, कारण खजिनदार माझ्याकडे बघताहेत.

बऱ्याच जणांना वाटतं की हॉस्पिस एनएचएसचं असतं. इंग्लंडमधल्या मोठ्यांच्या हॉस्पिसना सर्वसाधारणपणे खर्चाच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम सरकारकडून मिळते. बाकीचं देणग्या, मृत्युपत्रं, चॅरिटी शॉप, केकविक्री आणि आजच्यासारखे कार्यक्रम. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सरकारनं इंग्लंडच्या हॉस्पिसना शंभर दशलक्ष पौंड जाहीर केले, पण ते इमारती आणि साधनसामग्रीसाठी होते. इमारतीत रात्री बसणाऱ्या नर्सचा पगार त्यातून निघत नाही.

कमिटीनं ठरवल्याप्रमाणे आजच्या निधीचे दोन भाग होतील. एक भाग आपल्या इथल्या हॉस्पिसमध्ये रात्रीच्या नर्सिंगसाठी आणि आसपासच्या केअर होममधल्या नर्सेसना या कामाचं शिक्षण देण्यासाठी. दुसरा भाग महाराष्ट्रात घरी जाऊन सेवा करणाऱ्या नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी. यंत्र विकत घेतलं तर त्यावर मंडळाच्या नावाची पाटी लागली असती. शिक्षणावर पाटी लागत नाही. पण एक नर्स हे शिकली की पुढच्या वीस वर्षांत किती घरांत ती शांतपणे बसेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

पैशाशिवाय आणखी दोन गोष्टी मागते.

एक, घरी बोला. आपल्याला काय हवं, काय नको, कुठे राहायचं, आपल्या वतीनं कोणी ठरवायचं. इथे त्यासाठी आरोग्यविषयक लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी करता येते. फॉर्म भरणं सोपं आहे, मुलांशी बोलणं अवघड. पण तुम्ही बोललेलं असलं की नर्सलाही खोटं बोलावं लागत नाही, आणि मुलांच्या डोक्यावर नंतर ओझं राहत नाही.

दुसरी, थोडा वेळ द्या. वय झालेली, स्मृती गेलेली आपली माणसं शेवटी शेवटी इंग्लिश विसरतात. पन्नास वर्षं इथे काढलेल्या आजी एकदम लहानपणीच्या मराठीत बोलायला लागतात, आणि नर्सला वाटतं त्या बरळताहेत. आमच्या एका आयरिश सहकारी नर्सनं माझ्याकडून दहा वाक्यं लिहून घेऊन पेशंटच्या उशाशी लावली होती: दुखतंय का? पाणी हवं? कूस बदलू? मी इथेच आहे. तिच्या तोंडून "मी इथंच हाए" ऐकून त्या आजी हसायच्या. आठवड्यातून दोन तास येऊन नुसतं मराठीत बोलत बसणारे पाच-सहा जण मंडळातून मिळाले, तरी नर्सेसना मोठा आधार होईल. हॉस्पिसवाले त्यासाठी रीतसर ट्रेनिंग देतात, कोणाला एकदम खोलीत ढकलत नाहीत!

 देणगीचे आणि स्वयंसेवकांचे, दोन्ही फॉर्म बाहेर टेबलावर ठेवले आहेत. देणगीच्या फॉर्मवर गिफ्ट एडच्या चौकोनात खूण करायला विसरू नका. टॅक्स भरणाऱ्यानं दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून पंचवीस पेन्स जादा मिळतात. आणि आता जेवायला चला, पुरणपोळ्या गार होताहेत.